गोरोबांच्या गाडीचा हँडब्रेक

द्वारकाबाईंना त्या दगडाचा वीट आला होता. त्यांच्या नवऱ्यानं, गोरोबांनी, जुनी पांढरी मोटार घेतली तेव्हापासून तो गाडीत बाईंच्या पायाशी पडलेला असे. बॅटरी मरतुकडी, म्हणून गोरोबा गाडी नेहमी उतारावर लावत, म्हणजे निघताना सोडून दिली की चालू होते. हँडब्रेक ओढला काय आणि न ओढला काय, सारखंच. मग गोरोबा ब्रेकवर पाय दाबून ऐटीत बसून राहत आणि बाईंनी पदर खोचून खाली उतरायचं, चाकाला दगड लावायचा. निघताना तोच उचलून परत पायाशी घ्यायचा. कधी त्याला शेण लागलेलं, कधी कुणी पान थुंकलेलं. तेही लग्नाच्या मांडवापुढं, नव्या लुगड्यात, पाव्हण्यांच्या डोळ्यांदेखत.

तरी बाई जात. गोरोबा कुठंही निघाले की ‘चल गं’ म्हणत. शेजारची शिवलीला म्हणे, “काका तुमाला सोडून कुटं जात न्हाईत बगा, काकू.” बाई नाक मुरडत, पण ऐकायला त्यांना गोड वाटे.

गेल्या महिन्यात मुरूम गावच्या बाजारात दगड लावताना त्यांचं बोट चेंगरलं. नख काळंठिक्कर पडलं. तेव्हा मात्र बाई बिथरल्या.

“ब्रेक नीट करा, न्हाय तर म्या गाडीत पाय ठिवणार न्हाय.”

गोरोबा कुरकुरत गाडी मुरूमला शरणप्पा मिस्त्रीकडं घेऊन गेले. बाई शेजारी होत्याच. शरणप्पानं मागची चाकं काढली, त्यांच्यामागचे ब्रेकचे ड्रम ठोकून सैल केले आणि नाकाला फडकं लावलं. आत काळा, चिकट, खवट वासाचा लगदा होता. हँडब्रेक ओढला की ड्रमला आतून घट्ट धरतात ते ब्रेक शू तेलानं निथळत होते, आणि त्यांच्यावरचं लायनरचं अस्तर झिजून खालचे रिव्हेट उघडे पडले होते.

“ह्यात तेल कुणी वतलं?” शरणप्पानं विचारलं.

“म्या,” गोरोबा म्हणाले. “चाक लई कुरकुरायचं. मागल्या भोकातनं एरंडेल सोडलं. बैलगाडीच्या आसाला घालत न्हाय का आपण?”

“काका, ह्यानं धरायचं असतंय. तेल पाजल्यावर कशाला धरंल?”

गोरोबा हसले. आवाज तर बंद झाला होता ना, असा त्यांचा चेहरा. त्या वासापेक्षा त्या हसण्याची बाईंना जास्त किळस आली. ह्या माणसानं आपल्या हातानं ब्रेक घालवला आणि वर्षानुवर्षं आपल्याला चाकाशी वाकायला लावलं!

शरणप्पानं ड्रम पेट्रोलनं धुतले, नवे शू बसवले, स्प्रिंगा अडकवल्या आणि वायर ताणली. मग गॅरेजमागच्या उतारावर गाडी नेऊन हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी जागची हलली नाही. बाईंनी दगड उचलला आणि नाल्यात भिरकावला. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाई लवकर आवरून, पिशव्या घेऊन गाडीपाशी आल्या. गोरोबा आत बसले होते.

“तू कुटं?”

“बाजारला.”

“आता तुजं काय काम? ब्रेक धरतोय की.”

त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. खरोखरच त्यांना प्रश्न पडला होता. त्यांनी खिडकीतून हात काढून पिशव्या घेतल्या, हँडब्रेक सोडला, आणि गाडी उतारावरून घरंगळत जाऊन खाली चालू झाली.

बाई तिथंच उभ्या राहिल्या. नवऱ्याची त्यांना शिसारी आली. पण त्याहून जास्त स्वतःची आली, कारण क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं, की ब्रेक बिघडलेलाच बरा होता.