काका बसले का?

माझी मावशी वेबसाइट बनवायला शिकवते. फुकट शिकवते, म्हणून आमच्या आईच्या मते ते शिकवणं नव्हे, नसते उद्योग आहेत. मावशीची स्वतःची एक साइट आहे, तिच्यावर पहिल्या पायरीपासूनचे धडे आहेत, ज्याला कुणी शिकवणारं नाही त्यानं यावं आणि शिकावं. पहिल्याच धड्यात ती माउस काढून खणात ठेवायला सांगते. आपण बनवलेलं पान नुसत्या कीबोर्डवर वापरून बघा, म्हणते, मग कळेल काय दिवे लावलेत ते. निम्मे तिथंच पळ काढतात. उरतात ते मात्र पक्के होतात.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते काकांमुळे. काका म्हणजे मावशीचे यजमान. छापखान्यात रंग जुळवायचं काम करायचे, आणि नेमकी त्यांचीच नजर अधू होत होत पार गेली. आता कॉम्प्युटरमधला आवाज त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो. पण पान नीट बांधलेलं असेल तरच, नाहीतर तो आवाज नुसता ‘बटण, बटण, बटण’ करत बसतो. कशाचं बटण, ते देव जाणे. असं होऊ नये म्हणून जगभरच्या वेबसाइटवाल्यांनी नियम ठरवलेत, आणि ते पाळलेत का हे तपासणारे प्रोग्रॅमही आहेत. पान दिलं की हिरवं किंवा लाल दाखवून मोकळे. मावशीचा त्या हिरव्यावर काडीचा भरवसा नाही. नियमात बसणाऱ्या घराला दार असेलच असं नाही, हे तिचं आवडतं वाक्य.

म्हणून तिनं आपली पद्धत काढली. कुणी पान तपासायला पाठवलं, की सगळं झाल्यावर शेवटी काका खुर्चीत बसणार आणि ते पान पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं वापरणार. तोवर खोलीत कुणी ब्र काढायचा नाही. मी एकदा नुसता खोकलो, तर मावशीनं मला बाहेर काढलं होतं. काका “झालं” म्हणाले, तरच त्या पानाच्या तळाशी मावशीच्या साइटचा ‘तपासलं’ असा शिक्का. हळूहळू त्या शिक्क्याला वजन आलं. मोठमोठ्या ऑफिसांतली माणसं काम कुठवर आलं असं विचारतच नसत, काका बसले का, एवढंच विचारत.

चिमणी या धड्यांवरच शिकली. नाव वेगळं आहे, पण घरात आम्ही सगळे तिला चिमणीच म्हणायचो. शंका विचारायला म्हणून आली आणि घरचीच झाली. मावशीला मूलबाळ नाही, तिनं या पोरीला लेकीसारखं वाढवलं, काही वेळा मला जरा जास्तच वाटावं इतकं. पुढे चिमणी एका कंपनीत लागली, तरी साइटचा कारभार दोघी मिळून बघायच्या. शिक्का लावायचा पासवर्डही मावशीनं तिला देऊन टाकला होता, आणि मावशी घरी नसली की काकांना चिमणीच बसवायची.

त्या कंपनीला एका मोठ्या हॉस्पिटलच्या साइटचं काम मिळालं. डॉक्टरांची वेळ घरबसल्या घेता यावी असं पान चिमणीनं बांधलं. त्याच सुमारास माझ्या आईचं ऑपरेशन झालं आणि मावशी आमच्याकडे राहायला आली. काकांना बसवण्याचं काम चिमणीवर सोपवलं. संध्याकाळी काकांचा फोन आला, सगळं जमलं म्हणाले. शिक्का लागला. मावशीनं कौतुकानं ते पान पलंगावर पडलेल्या आईला दाखवलं.

मग मावशी घरी परतल्यावर एक दिवस एका बाईंचा फोन आला. त्या गाणं शिकवत, त्यांनाही दिसत नव्हतं, आणि वेबसाइटचं जे काही येत होतं ते मावशीच्या धड्यांवर शिकल्या होत्या. स्वतःच्या आईसाठी त्या हॉस्पिटलच्या पानावर डॉक्टरांची वेळ घ्यायला गेल्या आणि तारखेपाशी अडकल्या. मी तिथंच होतो, फोन स्पीकरवर होता.

“ताई, खाली तुमचा शिक्का आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी कितीतरी वेळ मलाच दोष देत बसले. वाटलं, पान बरोबर असणार, मीच ढ.”

मावशीनं त्यांना ठामपणे सांगितलं, की आमच्या घरच्या माणसानं स्वतः ते पान वापरलंय, तुमच्या कॉम्प्युटरचं काहीतरी असेल. फोन ठेवला आणि काकांना म्हणाली, जरा बसा बघू.

काका बसले. नाव टाकलं, डॉक्टर निवडले, सगळं भराभर. मग तारीख आली आणि आवाज सुरू झाला. बटण. बटण. बटण. काकांनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

“त्या दिवशीही इथंच अडलं होतं,” ते म्हणाले.

मग काय झालं ते सांगू लागले. चिमणी रडकुंडीला आली होती, हॉस्पिटलवाले घाई करत होते. काका, तारीख मी लावते, तुम्ही पुढं चला, म्हणाली. तिनं लावली. पुढचं सगळं त्यांनी केलं. एवढंच तर झालं.

“मला तुम्ही सांगितलंत, सगळं जमलं.”

“ती शेजारी बसली की विचारते, काका, मदत करू का? बरं वाटतं गं. तू कधी विचारलं नाहीस.”

“विचारायचं नव्हतंच,” मावशी म्हणाली. “त्यासाठीच तर तुम्ही बसत होतात.”

मग तिनं विचारलं, आणखी कितीदा. याआधीही झालं होतं असं, पण कुठल्या पानांवर ते आठवत नाही, असं काका म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला, की मी उठून गॅलरीत गेलो. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि वर म्हणत होतं, किती खाल्लं ते लक्षात नाही.

चिमणीला मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मला वाटलं होतं, पोरगी निदान रडेल. तिनं शांतपणे सांगितलं, की प्रोग्रॅमनं सगळं हिरवं दाखवलं होतं आणि नियम पाळले होते. “आणि मॅडम, जमलं असं काका म्हणाले. मी कुठं खोटं बोलले?” मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

कुठला शिक्का खरा आणि कुठला खोटा हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून तिनं सगळेच काढले. ज्यांनी महिनोन्‌महिने घासून पानं सुधारली होती त्यांचेही. साइटवर लिहिलं, तपासताना मदत घेतली गेली, शिक्क्यांवर विसंबू नका. कोणाचंही नाव घेतलं नाही, त्यामुळे लोकांनी तिलाच धारेवर धरलं. इतकी वर्षं आम्हाला शहाणपण शिकवत होती, म्हणाले. गाण्याच्या बाईंची तिनं माफी मागितली, आणि त्यांच्या आईसाठी हॉस्पिटलात जाऊन रांगेत उभी राहून वेळ घेऊन दिली. धडे अजून आहेत. नवीन धडा मात्र तिनं लिहिलेला नाही.

भांडण असं झालंच नाही. काकांनी दोनदा माफी मागितली, ती “असू दे” म्हणाली. दोघं एकत्र जेवतात, बातम्या ऐकतात, बाहेर जाताना ती त्यांना कोपर धरायला देते. परवा मी गेलो तेव्हा काकांनी चहा केला, तो ते फक्कड करतात. कप आणून ठेवले आणि गॅस बंद केलाय म्हणाले. मावशी “बरं” म्हणाली आणि बघायला उठली. आवाज होऊ नये म्हणून तिनं खुर्ची अलगद मागे सरकवली. पण काकांना ते ऐकू आलं.