आठ नसलेला आकडा

"बोला बाबू, लाडका आकडा कोनता?"

काजळी तेलात कालवता कालवता चाचा हे हमखास विचारीत. वाशीमच्या आमच्या जिनिंग-प्रेसमध्ये कापसाच्या गठाणींवर नंबर उठवायचे काम त्यांचे. एकेक आकडा कोरलेला पत्रा गठाणीवर धरायचा, वरून ब्रश फिरवायचा.

तुम्ही सात म्हणालात, की ते साताला नवाने गुणून त्रेसष्ट करीत. मग त्रेसष्टाने आपल्या खास आकड्याला गुणायला लावीत: १२३४५६७९. उत्तरात ओळीने नऊ सात! तीन म्हणालात तर नऊ तीन. "यात आठ नाही, चाचा," असे कुणी म्हटले की स्वारी खूश.

"नाही ना? पन अडते काय कुठं?"

मी तिथे नवा, काम याद्या करण्याचे. पहिल्याच आठवड्यात स्टेशनावर जाणाऱ्या गठाणी मोजल्या. शेवटच्या गठाणीवर नंबर शंभर. गठाणी भरल्या एक्याऐंशी. तीनदा मोजल्या आणि तडक मॅनेजरसाहेबांकडे गेलो. आधी चाचांना विचारावे हे मला सुचले नाही, याचीही नोंद इथे असू द्या.

साहेब तणतणत आले. "एकोणीस गठाणी कुठं गेल्या? पोलीस बोलावू?"

"आठाचा पत्रा हारपला, साहेब. नंबरात आठ आला का मी पुढच्यावर जातो."

"मग हातानं काढायचा!"

"हातानं काढलेला नंबर तुमीच खोटा मानता."

मी पेन्सिल काढली. आठ, अठरा, अठ्ठावीस... मग ऐंशीपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे... अठ्ठ्याण्णव. बरोबर एकोणीस. एकही गठाण गेली नव्हती. गेली होती ती साहेबांची मर्जी.

"उद्यापासून येऊ नका!"

"जातो. मले चोर म्हना, पन हिशेब चुकला म्हनू नका. जाता जाता सांगा साहेब, लाडका आकडा कोनता?"

"आठ!" साहेब ओरडले.

चाचांचा चेहरा असा उजळला, की बरखास्त नेमके कोण झाले ते कळेना. "बाबू, माह्या आकड्याले बहात्तरानं गुना."

मी फरशीवर कोळशाने गुणाकार मांडला. बेरीज करताना उजवीकडून पहिला आठ आला. दुसरा आठ. तिसरा. पाचव्याला साहेब वाकून पाहू लागले. नवव्याला उकिडवे बसले होते.

"नाही नाही म्हनता आले ना सारे?" चाचा म्हणाले.

साहेबांनी हसू दाबले. "लोहाराकडून नवा आठ करून घ्या. आणि उद्या वेळेवर या."

चाचा पुढे बरीच वर्षे वेळेवर आले. अखेर शेलूबाजारला लेकीकडे असताना वारले, तेव्हा त्यांची प्रेसमधली कामाची पेटी माझ्या ताब्यात आली. मी यादी करायला बसलो: ब्रश दोन, काजळीची वाटी एक, पत्रे... दहा हवेत, अकरा भरले. तळाशी मऊ फडक्यात जुना आठ होता, तेल लावून जपलेला. हरवला कधीच नव्हता. आपल्या खास आकड्याप्रमाणे गठाणींनाही चाचांनी आठापासून सुट्टी दिली होती, आणि त्यापायी स्वतःची नोकरी पणाला लावली होती!

"पत्रे दहा," मी लिहिले. माझ्या आयुष्यातली एवढी एकच यादी खोटी आहे.

अकरावा पत्रा माझ्या टेबलावर असतो. वाऱ्याने याद्या उडू नयेत म्हणून.