दाजींचा फ्रिज आणि उडालेलं रूट

दाजी पहिल्यांदा ताईला बघायला आमच्या घरी आले तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते आमच्या फ्रिजकडे. शेवटी राहवलं नाही. म्हणाले, "याच्या दाराचं रबर गेलंय." आमच्या घरातलं त्यांचं हे पहिलं वाक्य. ताई आत जाऊन पोट धरून हसली. मला मात्र माणूस तेव्हाच आवडला. बाकीचे पाहुणे हवापाण्याचं बोलतात, यानं निदान कामाचं काहीतरी सांगितलं. आणि रबर खरंच गेलं होतं.

दाजी फ्रिज दुरुस्त करतात. खांद्याला पिशवी, पिशवीत गॅसचं नळकांडं, शर्टाच्या खिशाला दोन स्क्रू ड्रायव्हर. बोलणं कमी. एखादी वस्तू उघडली की तिच्याशी जास्त बोलतात, आमच्याशी कमी. जुना पार्ट काढला तर फेकणार नाहीत. पुसतील, कागदात गुंडाळतील, खोक्यात ठेवतील. "नवा बिघडला तर हाच कामाला येतो," म्हणतात. बरेचदा येतोही. म्हणून त्यांना कोणी येडा म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी शाळा सोडली तेव्हा घरात ज्याला तोंड होतं त्या प्रत्येकानं मला सुनावलं. दाजींनी फक्त विचारलं, "मग उद्या माझ्याबरोबर येतेस का? कॉम्प्रेसर उचलायला एक माणूस लागतं." मी गेले. आता कुरिअरची पाकिटं वाटते, पण सुट्टीच्या दिवशी अजून जाते.

ताईच्या घरातल्या मागच्या खोलीतला फ्रिज हा दाजींचा उद्योग. खोली लहान, एक खिडकी, भिंतीला पाण्याच्या टाकीची ओल. तिथे त्यांनी एक मेलेला फ्रिज आणून उभा केला आणि आत थंडीच्या जागी ऊब भरली. दोन बल्ब, एक छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि कप्प्यांवर कोंबडीची अंडी. दारावर आतली ऊब दाखवणारा काटा. फ्रिजच्या डोक्यावर दाजींचा जुना फोन, काच तडकलेली. आतली ऊब मोजायची, कमी झाली की बल्ब लावायचे, जास्त झाली की विझवायचे, हे सगळं तो फोन करायचा. त्याला जोडलेला बल्बचा खटका दर थोड्या वेळानं खट वाजायचा. पाहुणे दचकायचे. ताई-दाजींना त्याशिवाय झोप लागत नसे.

यासाठी फोनला रूट लागतं. रूट म्हणजे काय, तर फोन आपण विकत घेतो पण त्यात राहतो भाडेकरूसारखे. या खोलीत जा, त्या खोलीत जाऊ नका, भिंतीला खिळा ठोकू नका. रूट केलं की आपण मालक. दाजींचा प्रोग्राम त्या खटक्याच्या तारेपर्यंत हात घालायचा तो मालकाच्या हक्कानं. हक्क गेला की प्रोग्राम दाराबाहेर उभा.

दाजींची पहिली खेप उकडली. तेव्हा बाजारातून आणलेला तयार खटका होता, तो चिकटून बसला आणि बल्ब विझलेच नाहीत. दुसऱ्या खेपेला वीज गेली ती आलीच नाही. मग दाजींनी बॅटरी बसवली, फोन लावला आणि तिसऱ्यांदा अंडी ठेवली. ताईनं तेव्हाच सांगून टाकलं होतं.

"अहो, ही शेवटची. यातून पिल्लं निघाली नाहीत तर फ्रिज भंगारात आणि खोली माझी. माझं शिलाई मशीन किती दिवस पलंगाखाली पडून राहणार?"

"बरं," दाजी म्हणाले.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं."

ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दाजी त्या दिवसापासून कामावरूनही आपल्या दुसऱ्या फोनवर फ्रिजची ऊब बघायचे. त्यासाठी वरच्या फोनचं वायफाय कायम चालू.

आता आतून चोची मारायचा आवाज येण्याचे दिवस आले होते. त्या सकाळी मी त्यांच्याकडे चहा प्यायला गेले तर दाजी दात घासता घासता थांबलेले, ब्रश तोंडात.

"खट कुठंय?" ते म्हणाले.

आम्ही मागच्या खोलीत गेलो. बल्ब विझलेले. फोन मस्त चालू, बॅटरी भरलेली, घड्याळ बरोबर. फक्त प्रोग्रामवर एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती, परवानगी नाही, परवानगी नाही. दाजींनी रूटचं अ‍ॅप उघडलं. त्यानं सरळ हात वर केले: रूट नाही.

"काल तर होतं," मी म्हटलं.

"जाणार कुठं? कोणीतरी काढलं," दाजी म्हणाले आणि हळूच ताईकडे बघितलं.

ताईच्या हातात फडकं होतं. ती रोज सकाळी फ्रिज पुसायची, फोनही पुसायची. तो उद्योग तिला आवडत नव्हता, पण घरात धूळ तिला त्याहून आवडत नाही.

"तो सारखा टुणटुण करत होता," ताई म्हणाली. "तुमचा फोन सुरक्षित नाही, अपडेट करा. मार्च लिहिलं होतं त्यात. म्हटलं, आता जून चाललाय, किती मागे पडलंय बिचारं. केलं. त्यात काय एवढं? मला वाटलं अंडी आत आहेत, वरचं यंत्र तरी धड असावं."

मला बोलायचं होतं. पण ताईनं ते अंड्यांसाठी केलं होतं, आणि ही काळजी तिच्या तोंडून चुकून निसटलीय हे तिलाही कळलं होतं. ती फडकं झटकायला बाहेर निघून गेली.

झालं होतं ते एवढंच. रूट करताना फोनच्या सुरुवातीच्या फायलीत, म्हणजे बूट फाइलमध्ये, थोडा बदल केलेला असतो. अपडेट आलं, त्यानं ती बदललेली फाइल काढून आपली कोरी फाइल ठेवली. घर रंगवायला आलेल्या माणसानं आपण ठोकलेले खिळे उपटून नेले, तसं.

दाजी म्हणाले, "सोपं आहे. जुनी फाइल आहे माझ्याकडे."

असणारच. पुसून, गुंडाळून, खोक्यात ठेवल्यासारखी लॅपटॉपमध्ये ठेवली होती. त्यांनी खटक्याची वायर काढून फोन लॅपटॉपला जोडला आणि जुना पार्ट बसवावा तशी ती फाइल बसवली. फोन सुरू झाला, कंपनीचं चिन्ह आलं, विझला. परत चिन्ह, परत विझला. असं चालूच राहिलं.

"दाजी."

"हं."

"फ्रिजला चालतं ते याला चालत नाही वाटतं."

"गप गं, वादळ." मला ते वादळ म्हणतात. "नव्या घराला जुनी चौकट बसवली मी. आता ते दार घेत नाही."

तोवर फ्रिजच्या दारावरचा काटा छत्तीसच्या खाली उतरला होता. ताई परत आली, बल्बची वायर खटक्यातून काढून सरळ बोर्डाला लावली आणि स्टूल ओढून बसली. साडेसदतीसला काटा आला की बटण बंद, खाली सरकला की चालू.

"मी बसते इथे," ती म्हणाली. "पण रात्रभर नाही बसणार, सांगून ठेवते. आणि मला डुलकी लागली तर पहिल्या खेपेसारखं होईल. तेव्हा हात चालवा."

नवीन बूट फाइल हवी होती, आणि ती नेमकी त्याच अपडेटची. ताईकडचं इंटरनेट म्हणजे गोगलगाय. मी लॅपटॉप पाठीला लावला आणि सायकलवरून कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेले. त्याचं नेट चांगलं आहे, तोंड नाही.

"काय, दाजींची कोंबडी फोनवर बोलायला लागली का?"

"अजून नाही. लागली की पहिला तुलाच मिस कॉल देईल. वायफायचा पासवर्ड सांग."

"कशाला एवढी मारामारी? फॅक्टरी रीसेट मार, फोन कोरा होईल."

"कोराच करायचा असता तर पाटी घेतली असती. रीसेटनं रूट परत येतं का? नाही ना? मग सांग पासवर्ड."

त्यानं सांगितला. वर थंड पाणीही दिलं, ते मी मान्य करते. साइटवर आमच्या फोनच्या फायली एकाखाली एक होत्या, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. एक जूनचीही होती, अगदी वर, सगळ्यात ताजी. माझं बोट तिच्याचकडे चाललं होतं. मग ताईचं बोलणं आठवलं: मार्च. मी तिला फोन लावला.

"ताई, नक्की मार्च?"

"अगं, मी मार्च बघूनच तर कळवळले. नक्की मार्च. आणि पटकन ये, माझी पाठ गेली."

मी मार्चची घेतली. ती उतरायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मोबाइलवाल्यानं दोन काचा बसवल्या आणि एका आजोबांना अलार्म लावायला शिकवलं. मी त्याच्या दुकानातून तीन वेळा बाहेर जाऊन आले. बसवत नाही मला.

परत आले तर खोलीत वेगळंच दृश्य. ताई स्टुलावर, एक हात बटणावर, कान फ्रिजच्या दाराला. दाजी जमिनीवर.

"टकटक करतंय कोणीतरी," ताई कुजबुजली. "खालच्या कप्प्यात."

"ऐकू दे," मी म्हटलं.

"आधी काम कर," ती म्हणाली.

दाजींनी या वेळी घाई केली नाही. आधी मार्चची कोरी बूट फाइल जशीच्या तशी बसवली. चिन्ह आलं. आम्ही तिघंही बघत बसलो. चिन्ह गेलं, आणि पडदा उघडला. आतलं सगळं जिथल्या तिथे. मग तीच कोरी फाइल फोनमध्ये टाकून रूटच्या अ‍ॅपला दिली, त्यानं तिच्यात आपला बदल करून परत दिली, ती लॅपटॉपवर घेऊन दाजींनी पुन्हा बसवली. फोन उठला. रूटच्या अ‍ॅपवर 'नाही'च्या जागी आकडा आला. आहे.

"आलं," मी म्हटलं.

"थांब," दाजी म्हणाले. त्यांनी लॅपटॉपची वायर काढली, खटक्याची जोडली, बल्ब परत खटक्याला लावले. प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर पाटी आली: याला रूट द्यायचं का? नाही हे डावीकडे. हो हे उजवीकडे, खाली. आणि शेजारी आकडे उलटे पळायला लागले.

दाजींनी हो दाबलं. काही नाही. परत दाबलं. आकडे संपले, पाटी आपणहून नाही म्हणून निघून गेली. परवानगी नाही. परत प्रोग्राम, परत पाटी, परत दाबलं. बोट पांढरं पडेपर्यंत दाबलं.

"माउस लावा," मी म्हटलं.

"कुठं? एकच भोक आहे, त्यात खटका."

"मग खटका काढून आधी माउस—"

"खटका काढला की प्रोग्राम पाटीपर्यंत पोचतच नाही. तारच सापडत नाही त्याला."

मी खोलीत चकरा मारायला लागले. चार पावलांची खोली, चकरा कसल्या, गिरक्याच. दाजी फोनकडे बघत बसले, त्या पहिल्या दिवशी फ्रिजकडे बघत होते तसे. दारावरचा काटा उतरत होता आणि खालच्या कप्प्यातली टकटक थांबल्यासारखी वाटत होती.

"आडवा करा ना तो," ताई म्हणाली.

"काय?"

"फोन. उजवा खालचा कोपरा मेलाय त्याचा. तिथे मी कितीही पुसलं तरी तो ढिम्म असतो, बाकी कुठेही फडकं लागलं की काहीतरी उघडतं. आडवा धरा, हो दुसरीकडे जाईल."

दाजींनी तिच्याकडे असं बघितलं की मी नजर दुसरीकडे वळवली. मग फोन आडवा केला. पाटी फिरली. हो आता तडा नसलेल्या बाजूला आलं. त्यांनी दाबायच्या आत ताईनंच पुढे होऊन दाबलं.

खट.

दोन्ही बल्ब लागले.

दाजींनी अपडेट कायमचं बंद केलं, बूट फाइल दोन ठिकाणी ठेवली, तिच्या नावात मार्च लिहिलं. मग भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "भूक लागली." सकाळपासून कोणी काही खाल्लं नव्हतं. ताईनं ताट फ्रिजसमोरच आणलं. तिला तिथून हलायचं नव्हतं, पण तसं म्हणेल ती कसली. म्हणाली, "इथे वारा बरा लागतो." खिडकी बंद होती.

पहिलं पिल्लू संध्याकाळी निघालं. ओलं, कुरूप, भिजलेल्या ब्रशसारखं. थोड्या वेळानं वाळलं आणि पिवळं झालं. मग एकामागून एक. सगळी नाही निघाली, काही अंडी तशीच गप्प राहिली. ती दाजींनी दुसऱ्या दिवशी बाजूला काढली, तेव्हा बराच वेळ हातात धरून उभे होते. पण खोकं भरलं होतं आणि खोक्यातून एवढा कलकलाट चालला होता की मोबाइलवाला रस्त्यावरून डोकावला आणि बोलणार होता ते विसरला.

ताईनं खोली घेतलीच. ती शब्दाची पक्की. शिलाई मशीन पलंगाखालून निघालं आणि मागच्या खोलीत खिडकीखाली बसलं. फ्रिज भंगारात गेला नाही, थोडा भिंतीकडे सरकला. दाजींना जागा इतकी कमी उरली की आत जायचं तर पोट आत घ्यावं लागतं.

परवा मी गेले तर ताई मशीनवर, दाजी दारात उभे.

"आत येऊ का?" दाजींनी विचारलं.

"हात धुतलेत?"

"धुतलेत."

"मग या. पुढच्या खेपेला बदकाची अंडी सांगून ठेवली आहेत मी. तुमचा फोन त्यांना चालेल ना?"

"आकडे बदलावे लागतील थोडे."

"बदला मग. मी इथेच बसलेय, बघते कसे बदलता ते."

दाजी पोट आत घेऊन आत शिरले.