बॉयलरच्या आतून आलेले ठोके

मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच ओरडते... त्यामुळे असले अनुभव सांगणाऱ्यांत माझं नाव यावं, हे मलाच पटत नाहीये. पण झालं ते झालं.

मी राहते वर्तकनगरला. कल्याणच्या पुढे एका कारखान्याचा कोळशावर चालणारा पॉवर प्लांट आहे, तिथे मी बॉयलर इंजिनीअर आहे. कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकायचा, भिंतींतल्या नळ्यांत पाण्याची वाफ करायची, त्या वाफेवर टर्बाईन फिरवायचं — हाच आमचा संसार. वर्षातून एकदा भट्टी थंड करून माणसं दुरुस्तीला आत उतरतात. आत जाताना प्रत्येकाने दाराशी आपला बिल्ला लावायचा, बाहेर आला की काढायचा. शेवटी दार बंद करण्याआधी भिंतीवर हातोड्याचे तीन ठोके द्यायचे आणि कान लावायचा. आत कुणी राहिलं असेल तर तोही तीन ठोके देतो.

त्या दुपारी सगळे बिल्ले निघाले होते. मी ठोकलं ते निव्वळ रीत म्हणून. आणि वरून उत्तर आलं... ठक, ठक, ठक.

"काका, ऐकलंत?"

आमचे जुने फिटर शिंदेकाका पांढरेफटक पडले होते. "ऐकलं मॅडम. पण वर कोण असणार? चढायची परांची तर सकाळीच उतरवली."

तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले. "अहो, पत्रा वाजतो कधीकधी. बंद करा, भट्टी पेटवायला लेट होतोय."

"सर, आठवडाभर थंड पडलेला पत्रा मोजून तीनदा वाजत नाही. दार बंद करायच्या कागदावर मी सही करणार नाही."

"मग मी दुसऱ्याची घेतो!"

"घ्या. मी इथेच दारात बसते. आधी मला उचलावं लागेल."

आणि बसलेच. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "जा, बघून या एकदाचं."

वर कुणी नव्हतं. चढायलाच काही नव्हतं. पण खाली, राख घसरते त्या उतारावर, दारातून न दिसणाऱ्या कोपऱ्यात मोहने गावचा वेल्डर संतोष बेशुद्ध पडला होता. बिल्ला काढून झाल्यावर त्याला विसरलेली बॅटरी आठवली. बाकीचे चहाला गेलेले, "एका मिनिटाचं तर काम" म्हणत हा बिल्ला न लावताच परत आत शिरला! पाय घसरला, डोकं आपटलं.

वाचला. हॉस्पिटलमध्ये मी त्याला पहिलं हेच विचारलं, "ठोके तू दिलेस ना रे?"

"नाय मॅडम. पडलो, ते डायरेक्ट इथेच डोळे उघडले."

पत्रा, वारा, कबुतर... सगळं लावून बघितलं, काहीच बसत नाही. मॅनेजरसाहेब हल्ली दार बंद करताना स्वतः कान लावून उभे राहतात. ठोकते मात्र मीच. आत कोण आहे, मला माहीत नाही. पण त्याने उत्तर दिलं, तर दार उघडंच राहील.