बाणातला ण

ठाण्याच्या नौपाड्यातल्या सुमतीबाईंच्या कानातून चुकीचा उच्चार कधी सुटला नाही. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं झाली तरी लग्नाची पत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासायच्या, मग मुलगी कुणाची ते बघायच्या. "हिने माझं पहिलं पत्र दुरुस्त करून परत पाठवलं होतं," असं त्यांचे यजमान श्रीपादराव पाहुण्यांना सांगायचे. ते धादांत खोटं होतं, पण बाईंना ओळखणारा कुणीही त्यावर पटकन विश्वास ठेवायचा.

राज्य शासनाने हुशार पदवीधरांसाठी नेतृत्व प्रशिक्षणाची योजना काढली होती. निवड झालेल्यांनी वर्षभर जिल्ह्याच्या बड्या अधिकाऱ्यांबरोबर काम करायचं आणि त्यातून उद्याचे प्रशासक घडायचे. आपल्या ठाण्यातून एक तरी मुलगी तिथे पोचवायचीच, हे बाईंनी मनावर घेतलं. आणि मुलगी त्यांना कल्याणच्या एका कॉलेजात सापडली. वक्तृत्व स्पर्धेला बाई परीक्षक होत्या. बाळकुमच्या जुन्या गावठाणातली संचिता हातात कागद न घेता उभी राहिली.

"आमच्या बावीचं पानी गोड होतं," ती म्हणाली. "बाव बुजवली आनि तिच्यावर टॉवर आला. आता टॉवरला टँकर येतो, आनि आमची आई हंडा घेऊन त्या टँकरच्या मागं धावते. बाव आमची, तहान पन आमचीच."

बाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी तिला पहिलं बक्षीस दिलं आणि तिथल्या तिथे विचारलं, "शासनाच्या नेतृत्व योजनेच्या मुलाखतीची तयारी मी करून घेते. येशील माझ्याकडे?"

संचिता येऊ लागली. बाई समोर बसत, हातात चमचा आणि पुढ्यात बशी. ती "पानी" म्हणाली की चमचा बशीवर वाजायचा. "बाणातला ण, संचिता. नळातला न नाही." ती पुन्हा सुरू करायची, "आनि" म्हणायची, की पुन्हा टण्‌. आतल्या खोलीतून श्रीपादराव म्हणायचे, "अगं, बोलू दे की तिला." पण पॅनेलवरची मंडळी हसली तर, या धास्तीने बाई इरेला पेटल्या होत्या. विहिरीची गोष्ट चमच्याच्या पुढे कधी गेलीच नाही.

मुलाखत झाली. निकाल लागला त्या दुपारी संचिता आली, घामाने डबडबलेली.

"बाई, माझं नाव नाही यादीत."

बाईंनी तिला आत घेतलं. "मुलाखत बिघडली का गं?"

"नाही. उच्चार एकही चुकला नाही. तुमचं मराठी फार शुद्ध आहे, असं बोलले ते. मी आभार मानले व बाहेर आले."

तो 'व' बाईंच्या कानाला खटकला. बोलताना 'व' कोण म्हणतं? "आणि विहिरीचं? ते सांगितलंस ना?"

संचिताने मान खाली घातली. "त्यांनी विचारलं, तुमच्या भागात सगळ्यात जास्त त्रास कशाचा. मी वाहतूक सांगितलं. रस्ते व गाड्या, चार वाक्यं. लगेच संपलं."

"वाहतूक? अगं, पण का?"

"वाहतुकीत ते अक्षर येत नाही, बाई."

बाईंना तोंड लपवायला जागा उरली नाही. आल्यापासून ही मुलगी एकदाही ण बोलली नव्हती. ज्या बोलण्यासाठी तिला शेकडोंतून उचलली, तेच बोलणं आपण चमच्याने खरवडून काढलं. पॅनेल हसेल म्हणून घाबरलो, आणि पॅनेलच्या आधी तिला आपणच लाज वाटायला लावली. स्वतःच्या हुशारीची त्यांना इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"बाई, जरा प्यायला मिळेल?" संचिताने विचारलं.

"काय देऊ? चहा टाकू? की सरबत?"

तिचे ओठ हलले आणि मिटले.

"साधंच," ती म्हणाली. "माठातलं."

बाई उठल्या. त्यांनी माठातून ग्लास भरला. तिच्यापुढे ग्लास धरून तिच्यासारखंच 'पानी' म्हणावं असं क्षणभर वाटलं, पण त्यांच्या तोंडून ती नक्कल झाली असती. संचिताने ग्लास एका दमात रिकामा केला.

"संचिता, मला माफ कर गं," बाई कशाबशा म्हणाल्या.

"असं काय बोलता, बाई," ती अदबीने, एकेक अक्षर जपून म्हणाली. "तुम्ही मला किती शिकवलंत."