सुक्रेचे दोन दिवस

काशीराम तांबे आमच्या अंधेरीच्या ऑफिसात बोलिव्हियाच्या सहली आखायचे. स्वतः कधी विमानात बसले नव्हते. पण तिथला कुठला घाट कधी गोठतो आणि कुठल्या हॉटेलात गरम पाणी फक्त सकाळी येतं, हे विचारावं तर त्यांनाच. वडील गिरणीत, गाव देवरुखकडचं, राहणं घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर. मी विक्री बघायचो, म्हणजे लोकांना हो म्हणायचो. नाही म्हणायचं काम तांबेकाकांकडे होतं आणि ते त्यांना झकास जमायचं.

त्यांचा हट्ट एकच. बोलिव्हियाच्या सखल भागातलं मोठं शहर सांताक्रूझ. आपलं मुंबईतलं, वाकोल्याशेजारचं सांताक्रूझ नव्हे, पण घाम तोच. तिथून वर पठारावर जायचं तर विरळ हवेची सवय व्हायला मधल्या उंचीवरच्या सुक्रे शहरात दोन दिवस मुक्काम करायचाच. मग उयुनीचं मिठाचं पठार आणि त्याहूनही वर, सव्वाचार हजार मीटरवर, लाल पाण्याचं सरोवर. सुक्रेला काय बघायचं असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, "काही नाही. श्वास घ्यायचा."

मागच्या वर्षी मुलुंडच्या एका सोसायटीचा बावीस जणांचा ग्रुप आला. सगळे सिंधुदुर्गातले, पुढारी यज्ञेश परब. त्यांना बोलिव्हिया पूर्ण हवं होतं आणि गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी गावीही पोचायचं होतं. दिवस काही जुळेनात. परबांनी कागदावर बोट ठेवलं.

"हे सुक्रे काढा ना. नुसतं बसून काय करायचं? गणपती आमच्यासाठी थांबणारेत का?"

काका अडून बसले. तेव्हा मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. त्यांची मुलगी अक्षता आमच्याकडेच टूर मॅनेजर होती. सव्वीस वर्षांची, दुबई-बाली करून कंटाळलेली. ही टूर तिला मिळणार होती. "काका, ग्रुप गेला तर अक्षताचीही टूर गेली," मी म्हणालो. अक्षता शेजारीच उभी होती.

"बाबा, मी रोज टेकडी चढते यार. मला काय होतंय?"

काकांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि सुक्रे खोडलं.

पहिले दोन दिवस फोटो आले. परब मिठावर उड्या मारत होते, बायका नऊवारीवर जॅकेट घालून उभ्या होत्या. काका एकेक फोटो मोठा करून अक्षताचे ओठ बघायचे. "निळे वाटतात का रे?" मला वैताग यायचा. भीती वाटत होती हे मला कबूल करायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला, म्हणजे तिथे सकाळी साडेआठला, सरोवराजवळच्या हॉटेलातून तिचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला. तीन पाहुण्यांना उलट्या झाल्या होत्या, ऑक्सिजनचे सगळे डबे त्यांना देऊन झाले होते, आता ते बरे होते. बोलता बोलता ती खोकली. ओला, घरघरणारा खोकला. काका खुर्चीतून उठले.

"आडवी झालीस की दम लागतो?"

"थोडासा. बसूनच झोपले."

"एक जीप घे आणि आत्ताच्या आत्ता उयुनीला खाली फिर. एकटी."

"ग्रुपला सोडून कशी येऊ? आज गरम पाण्याचे फवारे बघायचेत."

ते फवारे आणखी सहाशे मीटर वर होते. मागून परबांची हाक ऐकू आली, "मॅडम, चला, उशीर होतोय!"

"संध्याकाळी सगळ्यांबरोबरच उतरते ना, बाबा. प्रॉमिस."

"अक्षे, खाली उतर!" काका ओरडले. अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं, पण फोन कटला होता. त्या वाटेवर दिवसभर रेंज नसते, हे माहितीपत्रकात त्यांनीच लिहिलं होतं. तरी ते नंबर फिरवत राहिले. मी चहा मागवला, तो कुणीच प्यायला नाही.

फवाऱ्यांपाशी ती जीपमध्येच कोसळली. ड्रायव्हरनं तिला आठ तास गाडी हाणून उयुनीच्या दवाखान्यात आणलं. तिथे ऑक्सिजन लावल्यावर तिनं डोळे उघडले, म्हणून ग्रुप तिथल्या गाइडबरोबर पुढे निघाला. दुसऱ्या दिवशी तिची फुफ्फुसं पाण्यानं भरली. ती गेली तेव्हा ते बावीसजण परतीच्या विमानात होते. त्यांना कळवायचं काम माझं होतं. मी ते टाळत राहिलो.

चतुर्थीला ऑफिस बंद होतं. मृतदेह आणायचे कागद ऑफिसच्या मेलवर येणार होते, म्हणून काका सकाळपासून येऊन बसले होते. त्यांच्यासोबत मी. अकराच्या सुमारास फोन वाजला. मी हात पुढे करेपर्यंत काकांनी उचलला. परब इतक्या मोठ्यानं बोलत होते की मलाही ऐकू येत होतं. मागे झांजा वाजत होत्या.

"तांबेसाहेब, वेळेत पोचलो हो! तुमच्यामुळे आरती मिळाली. अक्षता मॅडमनी फार केलं आमचं. बरी आहे ना आता?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"हो," काका म्हणाले. "आता त्रास नाही तिला."

"पुढच्या वर्षी पेरू करूया. मॅडमच पाहिजेत हां!"

"बघू. तुम्ही आरती करा."

त्यांनी फोन ठेवला. मेल आली का म्हणून स्क्रीनवर बघितलं आणि मला म्हणाले, "घरात गणपती बसलाय त्यांच्या. असलं काही सांगू नये. पाच दिवसांचा आहे. विसर्जन झालं की तू सांग."