संत्र्याला दिलेला ताण

मोहगावकडच्या त्या गावात गुणवंता टेकाडे नाकासमोर चालणारा माणूस. खोटं बोलायची वेळ आली की याला खोकला येतो, असं त्याची बायको सरला सांगायची. म्हणूनच झाडं मोजायचं काम गावानं त्याच्या गळ्यात घातलं.

धरती तापू नये म्हणून चार परदेशांनी मिळून एक योजना काढली होती. गावानं संत्र्याची झाडं लावून पाच वर्षं जगवायची; झाडं जगली की नाल्यावर बंधारा ते बांधून देणार. चैतातच विहिरी तळ गाठतात अशा गावाला आणखी काय हवं? गुणवंतानं घरोघरी फिरून लोकांना पटवलं आणि स्वतः अडीचशे रोपं लावली. सरलानं पहिले दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहून ती जगवली.

पाच वर्षं भरल्यावर, ऐन मे महिन्यात, योजनेचं काम पाहणारी रूपाली पांढुर्ण्याहून आली आणि गुणवंताकडे मोबाइल देऊन गेली. एकेका झाडाचा फोटो काढायचा, खाली शेरा लिहायचा. नेमका तेव्हा झाडांना ताण दिलेला होता. मृगाचा बहार हवा तर उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी तोडावं लागतं. झाड मलूल होतं, पानं गाळतं आणि मृगाचं पाणी मिळालं की फुलतं.

"अवो, चार शब्द लिहा ना तिथं," सरला म्हणाली.

"कायले? मे महिन्यात झाड असंच दिसते, हे लेकराले बी माहीत हाय."

त्यानं साऱ्या गावाच्या झाडांचे खरेखुरे फोटो काढले. शेऱ्याची जागा कोरी सोडली.

तिकडे साहेब लोक उंटावरून शेळ्या हाकणारे. पंधरा दिवसांत रूपाली रडवेल्या तोंडानं परत आली.

"काका, झाडं मेली म्हनून राहिले ते. आपलं गाव यादीतून काढलं."

जुलैत सगळ्या बागा फुलल्या. रूपालीनं तेही फोटो पाठवले, पण बंधारा दुसऱ्या गावाला गेला होता. गावात कोणी गुणवंताला शिवी दिली नाही. पारावर त्याला जागा करून देणं तेवढं थांबलं, आणि ते त्याला शिवीहून जास्त लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं पुन्हा ताण दिला. बापजाद्यांपासूनची रीत, आणि मृग कधी फसवत नाही हा भरवसा. त्या वर्षी मृग कोरडा गेला. त्याच्या हलक्या जमिनीतली झाडं वरून वाळू लागली तेव्हा तो घाबरून मोटर चालू करायला धावला. विहिरीनं दहा मिनिटं पाणी दिलं, मग नुसता गाळ आला. जामसांवलीच्या मारुतीला नारळ बोलून झाला. टँकर कुठून आणणार, गावाला प्यायलाच पाणी नव्हतं.

आषाढात पाऊस आला, भरपूर आला. त्याच्या एकाही झाडाला पालवी फुटली नाही. गुणवंता भर पावसात बागेत जाऊन बसला. सरला मागोमाग गेली तर तो एका वाळल्या खोडाला मिठी मारून बोलत होता.

"पानी देनार होतो म्हनूनच तुमाले तहानलं ठेवलं होतं रे. मारायसाठी नोहोतं ठेवलं."

सरलानं त्याला उठवलं नाही. तीही तिथंच चिखलात बसली आणि मोठ्यानं रडली.